हुशार माणसाची बायको दहावीला बसते

माझ्या प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर शेऱ्याची एक चौकट असायची. पहिलीपासून दहावीपर्यंत वेगवेगळ्या बाईंनी आणि सरांनी, वेगवेगळ्या अक्षरांत, त्या चौकटीत एकच वाक्य लिहिलं: हुशार आहे, पण मेहनत घेत नाही. पहिल्या नंबरच्या मुलाच्या घरी पेढे वाटले जायचे. आमच्या घरी पेढे नसायचे, पण माझे वडील ते प्रगतिपुस्तक घेऊन गॅलरीत उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "सर सांगी होते, पोरगो हुशार आसा. फक्त मनार घेणा नाय. मनार घेतल्यान तर..." पुढचं ते बोलत नसत, नुसता हात हवेत वर न्यायचे. त्या वर गेलेल्या हातावर आमच्या घराने पुढची कैक वर्षं काढली.

हा मान मला एकट्यालाच होता असं मात्र नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या आणि किमान बारा खोल्यांत एकेक हुशार-पण मुलगा होता. मुलींच्या वाट्याला हा शेरा सहसा येत नसे. त्यांच्या चौकटीत लिहिलेलं असायचं, "मेहनती आहे." आमच्याकडे मेहनती हा शब्द सभ्य लोक वापरतात, मठ्ठ म्हणायचं जिवावर येतं तेव्हा. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना जेव्हा सांगितलं जायचं की मुलगी मेहनती आहे हो, तेव्हा पाहुणे समजून चहा लवकर संपवायचे.

मला यातली सोय फार लवकर कळली. अभ्यास करून साठ टक्के मिळाले तर आपण साठ टक्क्यांचे, विषय संपला. अभ्यास न करता पन्नास मिळाले तर आपण किती टक्क्यांचे, हे कोणालाच सांगता येत नाही. मी शहाणा होतो, मी न करण्याची बाजू धरली. दहावीला गणितात एकेचाळीस गुण मिळाले आणि घरात आनंदीआनंद झाला, कारण पुस्तक न उघडता एकेचाळीस! उघडलं असतं तर! प्रत्यक्षात मी पुस्तक उघडलं होतं, चांगलं तीन आठवडे उघडलं होतं, पण हे मी आज पहिल्यांदाच सांगतोय.

पुढे तेच. तबला शिकायला दादरला जायचो, दोन महिने. गुरुजी म्हणाले, हात चांगला आहे. हात चांगला आहे म्हटल्यावर रोज जाऊन तो चांगला करायची काय गरज? सोडला. चित्रकलेच्या इलिमेंटरी परीक्षेला बसलो, ए ग्रेड हुकली, परीक्षकांना नजर नव्हती. कॅरममध्ये मला गॉड गिफ्ट होती आणि एकांकिकेत तर मी पाठांतर न करता रंगमंचावर जायचो, इतका आत्मविश्वास. बरोबरचे नट घामाघूम व्हायचे, पण त्याला मी काय करणार! सध्या दादरच्या एका ट्रस्टच्या कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेलं पत्र एका वहीत लिहायचं, गेलेलं दुसऱ्या वहीत. बढतीसाठी कार्यालयाची एक परीक्षा असते. तिला मी सव्वीस वर्षांत बसलो नाही. बसलो असतो तर पास झालो असतो, हे माझे साहेबही मान्य करतात. ते माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत.

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर मेहनतीवर भाषण करायला माझ्याइतका लायक माणूस चाळीत दुसरा सापडला नसता. म्हणून मी आमच्या मंडळाचा चिटणीस आहे आणि दर जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात मीच बोलतो.

हा समारंभ चाळीच्या चौकात होतो. मी लहान असताना पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्यांनाच बोलवायचे. मग वर्षाला एखादाच मुलगा यायचा आणि त्याच्यासाठी मांडव घालणं बरं दिसेना, म्हणून साठ केले. मग साठ न मिळालेल्या घरांनी गणपतीत आरतीला येणं बंद केलं, म्हणून पास होणाऱ्या सर्वांना बोलवायचं ठरलं. त्यानंतर नापासांच्या आया येऊन म्हणाल्या की पोर खचलंय, त्यालाही प्रोत्साहन हवं. तेव्हापासून उत्तेजनार्थ निघालं. आता चाळीत दहावी-बारावीला बसलेला प्रत्येक जण ट्रॉफी घेऊनच घरी जातो. सगळ्यांना एकसारखी, सोनेरी प्लास्टिकची, वर हात उंचावलेला माणूस. मोठी-लहान केली की भांडणं होतात. आणि या सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगतो की मुलांनो, कष्टाला पर्याय नाही. पोरं खाली मोबाइल बघत असतात. मी त्यांना दोष देत नाही, मीही ते भाषण कधी लिहून काढलेलं नाही, आयत्या वेळी सुचतं.

या समारंभात माझी बायको तबक धरायची. स्टेजच्या एका बाजूला पैठणी नेसून उभं राहायचं, तबकात शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि ट्रॉफी. मी नाव पुकारलं की तबक पुढे करायचं, मंडळाचे अध्यक्ष त्यातलं उचलून मुलाला देणार, फोटो. पुन्हा तबक भरायचं. चाळीस-पन्नास मुलं, दोन-अडीच तास. चिटणिसाची बायको म्हणून हा मान तिचा, असं आम्हीच ठरवलेलं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

बायको कणकवलीच्या बाजूची. नववीत गणितात राहिली, शाळा सुटली, घरच्यांनी चार वर्षं शेतात राबवली आणि माझ्याशी लग्न लावून दिलं. लालबागला एका पोळीभाजी केंद्रात ती सकाळी आठ ते तीन पोळ्या लाटते. मुलगी आमची शिकून नोकरीसाठी पुण्याला गेली. तिच्या दहावीला ही बाई रोज पहाटे तिच्यासोबत उठून बसायची, नुसती बसायची, आणि मी पांघरुणातून म्हणायचो, "झोप गं, तुला काय कळतंय त्यातलं."

तीन वर्षांपूर्वीच्या समारंभानंतर घरी आलो. ती पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. म्हणाली, "मी दहावीला बसते."

मी म्हटलं, "कशाला? पोळीभाजी केंद्रात मार्कशीट लागते का आता?"

"माका थंय तबक धरूक नाय जावचा," ती म्हणाली. एरवी ती मुंबईचं बोलते, मनात काही पक्कं झालं की मालवणीवर येते. "माका तबकातला घेवक जावचा आसा. माझा नाव वाचूक होया. बस."

मी हसलो. चाळीत सगळ्यांना मिळते ती ट्रॉफी, आपल्या घरी मुलीची एक आहे, हवी तर तुला नवीन आणून देतो, असंही म्हणालो. ती पाय पुसून उठली.

तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा असतो तो. गावाहून शाळा सोडल्याचा दाखला मागवला, केंद्रातून एक दिवस रजा घेतली, भोईवाड्याच्या एका शाळेत रांगेत उभी राहून काम करून आली. इंग्रजीची तिला भीती होती, पण गणिताचा तिला धसका होता. नववीतल्या सरांनी वर्गात तिच्या वहीवर पाय ठेवला होता, हे तिने मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या आठवड्यात सांगितलं. आता गणिताला घरात शिक्षक होताच. हुशार माणूस.

मी मुलीची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून दिली आणि शिकवायला बसलो. वर्गसमीकरणाचं पहिलं उदाहरण होतं, एक्सचा वर्ग वजा सात एक्स अधिक बारा. मी पुस्तकाच्या मागे उत्तर बघून ठेवलं होतं. म्हटलं, "बघ, यात चार आणि तीन येणार."

"चार आणि तीनच का? सहा आणि दोन का नाही? त्यांचाही गुणाकार बाराच होतो."

"ते दिसतं."

"मला नाही दिसत."

"हळूहळू दिसायला लागेल. काहींना पटकन दिसतं, काहींना उशिरा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ओट्यावरच्या भिंतीला गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं टांगलेलं. त्याच्या कोऱ्या पानांवर तिने एकपासून शंभरपर्यंतच्या प्रत्येक संख्येच्या सगळ्या जोड्या लिहिल्या होत्या. बारा: एक-बारा, दोन-सहा, तीन-चार. त्यापुढे त्यांची बेरीज, त्यापुढे वजाबाकी. शंभरच्या शंभर. मी म्हटलं, "अगं, असं पाठ करून गणित येत नसतं. गणित डोक्यात असावं लागतं." ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात आहे ना, मग माझं भिंतीवर राहू दे." आठ-दहा दिवसांत ती चपाती परतता परतता अवयव पाडायला लागली. मला अजूनही मागे बघावं लागायचं.

भूमितीत माझी खरी परीक्षा झाली. एका प्रमेयाची सिद्धता मी तिला अर्धा तास समजावून दिली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पुस्तकात वेगळं दिलंय."

मी म्हणालो, "छापताना चुकलं असेल."

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही, तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो.

आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं. पिंप भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास नळाजवळ थांबावं लागतं, आणि ती वही घेऊन नळाजवळ बसायची. एकेक उदाहरण वीस-वीस वेळा. चूक झाली की पान फाडायची नाही, त्याच्याखाली पुन्हा तेच लिहायची. मी पांघरुणातून बघायचो आणि मला खरंच वैताग यायचा. एवढा आटापिटा कशासाठी? पस्तीसच तर हवेत. शेजारच्यांनाही तिचं कौतुक नव्हतं. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, "काकी, आता जावई आणायच्या वयात दप्तर कसलं?" मी त्यांच्यासमोर म्हणायचो, "शिकवतोय मी तिला." ऑफिसात तर मी हा विषय दर दोन दिवसांनी काढायचो. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखा नवरा मिळायला भाग्य लागतं." ते वाक्य मी घरी येऊन तिला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

डिसेंबरात भोईवाड्याच्या शाळेने बाहेरून बसणाऱ्यांची सराव परीक्षा घेतली. ती गणिताचा पेपर देऊन आली, प्रश्नपत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "हे कुठल्या धड्यात आहे?"

प्रश्नात जीएसटी होता. शेअर्स होते. आमच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. मी म्हटलं, "अवांतर दिसतंय." मग मुलीला फोन केला. ती पलीकडून ओरडलीच. "बाबा, माझ्यानंतर पुस्तकं बदलली ना! बीजगणित-भूमिती गेलं. आता भाग एक, भाग दोन. तुम्ही आईला माझं पुस्तक दिलंत?"

चार महिने. चार महिने पहाटे नळाजवळ बसून बाईने बंद झालेल्या पुस्तकातली उदाहरणं वीस-वीस वेळा सोडवली होती, कारण दादरला ऑफिसच्या समोर पुस्तकांचं दुकान असून मला रस्ता ओलांडून एकदा विचारून यायचं सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं हेही खरं नाही. एकदा सुचलं होतं, ऊन होतं.

मी लगेच सावरलो. भाषणाची सवय असते. म्हटलं, मेहनत कधी वाया जात नाही, संकल्पना त्याच असतात, पाया पक्का झाला तुझा. ती पुस्तक हातात घेऊन उभी होती. तिने पहिलं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. पहिल्या पानावर साल छापलेलं होतं.

"एवढा बघूक काय लागी होता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सांगा ना, काय लागी होता?"

मला तेव्हा तिचा राग आला, हे लिहून ठेवतो. चूक माझी होती आणि राग मला आला. साधं साल बघण्यात कसली आलीय हुशारी, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने केंद्रातून सुटल्यावर स्वतः दादरला जाऊन नवीन पुस्तकं आणली, भाग एक आणि भाग दोन, खाकी कव्हर घातलं, आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. मी एकदा खुर्ची पुढे ओढली तेव्हा म्हणाली, "तुम्ही टीव्ही बघा." माझी शिकवणी तिथे सुटली. ऑफिसात मात्र मी पुढेही शिकवत राहिलो.

मार्चमध्ये गणिताच्या पहिल्या पेपराला मी रजा काढून तिला सोडायला गेलो. फाटकावर वॉचमनने तिलाच अडवलं. "पालक बाहेर थांबा, पालक बाहेर." तिने पिशवीतून हॉल तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तुम्ही बाहेर थांबा." मी बाहेर पालकांमध्ये थांबलो. एक बाई मला विचारत होत्या, मुलगा की मुलगी? मी म्हटलं, मुलगी.

निकाल दुपारी एकला मोबाइलवर लागतो. मी एक वाजून पाच मिनिटांनी तिला फोन केला, उचलला नाही. दीडला केला. म्हणाली, "बघितला. पोळ्यांची ऑर्डर आहे, ठेवते." फोन ठेवला. आवाजात काहीच नव्हतं, आनंद नाही, रडू नाही. मी हुशार माणूस, ताडलं की गणितात गेली.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला हायसं वाटलं. बाकीचे तिचे विषय निघतील, पण गणित मेहनतीने येत नसतं, ते असावं लागतं, हे माझं आयुष्यभराचं म्हणणं शाबूत राहिलं. ती पास झाली असती तर मला सव्वीस वर्षांचा हिशेब द्यावा लागला असता, दुसऱ्या कोणाला नाही, मलाच. टेबलावरची पत्रं मी त्या दिवशी फार मन लावून वहीत चढवली. संध्याकाळी घरी येताना तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि म्हटलं, "जाऊ दे, पुढच्या वेळी बघू. सगळ्यांनाच जमतं असं नाही." तिने गजरा घेतला आणि ताट वाढलं.

मंडळाच्या खोलीबाहेर एक लाकडी पेटी टांगलेली असते. गुणगौरवासाठी अर्ज तिच्यात टाकायचे, मार्कशीटची झेरॉक्स जोडून. अर्जाचा नमुना मीच तयार केलेला. त्यात नाव, खोली क्रमांक, गुण, पालकाचे नाव, आणि सर्वांत खाली एक रकाना: यशात कोणाचे मार्गदर्शन लाभले. हा रकाना मी मुद्दाम घातला होता, कारण त्यात क्लासच्या सरांचं नाव येतं आणि मग ते सर मंडळाला जाहिरात देतात. स्टेजवर अर्ज पूर्ण वाचायची पद्धत आहे. एखादा रकाना गाळला की त्या घरचे लोक कार्यक्रम संपायच्या आत येऊन जाब विचारतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी पेटी उघडली. एकोणिसावा अर्ज तिच्या अक्षरात होता. वर लिहिलं होतं, माननीय चिटणीस यांस. आमची खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची आहे. मी आणि अर्जदार एकाच भिंतीला टेकून चहा पितो. पण अर्ज रीतसर पेटीतून आला होता, झेरॉक्स जोडून, स्टेपल मारून. एकूण अठ्ठावन्न टक्के. गणितात त्रेसष्ट. मी त्रेसष्टवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. बेरीजही करून बघितली, सगळ्या विषयांची, कुठे चूक असली तर. बरोबर होती.

पालकाच्या नावाच्या जागी तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे स्वतःची सही. मार्गदर्शनाच्या रकान्यात दोन शब्द होते. कोणाचेही नाही.

घरी गेल्यावर म्हटलं, "अर्ज मिळाला."

"बरं."

"सांगितलं का नाहीस?"

"पेटीत टाकला ना."

रकान्याबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही. समारंभाला तीन दिवस होते, तिन्ही दिवस विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला चौक भरला. प्रमुख पाहुणे आले नाहीत, ते कुठल्याच वर्षी येत नाहीत, पण त्यांच्यासाठी शाल आणलेली असते. तबक धरायला तळमजल्यावरच्या एका सुनेला उभं केलं होतं. बायको खाली पहिल्या रांगेत बसली होती, दोन्ही बाजूंना पंधरा-सोळा वर्षांची पोरं, मांडीवर हात, साडी साधीच. मी भाषण केलं. कष्टाला पर्याय नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला पहिल्यांदाच ते भाषण फार लांब वाटलं.

एकोणिसावं नाव आलं. मी वाचलं. चौकात आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी शिट्टी मारली, मग वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या. ती पायऱ्या चढून वर आली. मी गुण वाचले, गणिताचे वेगळे वाचले, ते कोणाचेच वेगळे वाचत नाहीत. पालक म्हणून तिचंच नाव वाचलं. शेवटचा रकाना आला. दोन शब्द समोर होते, स्वच्छ अक्षरात. माझी जीभ कागदाकडे न बघता सवयीने पुढे गेली आणि मी म्हणालो, "मार्गदर्शन," आणि स्वतःचं नाव घेतलं.

टाळ्या दुप्पट झाल्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, असा नवरा प्रत्येक घरात हवा, आणि पाहुण्यांची राहिलेली शाल त्यांनी माझ्या खांद्यावर घातली, वर नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, थोडं मध्ये या, वहिनी जरा बाजूला." मी मध्ये आलो. मी खरोखर मध्ये आलो. ट्रॉफी हातात घेऊन ती बाजूला झाली. त्या क्षणी मला लाज वाटली असं म्हणायला आवडेल, पण लाज नंतर आली. त्या क्षणी मी फोटोकडे बघत होतो.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." पोरं या जागी आईबाबांचे आणि सरांचे आभार मानून खाली पळतात. तिने ट्रॉफी खुर्चीवर ठेवली आणि माईक घेतला.

"माका भाषण येणा नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, त्या शेवटच्या रकान्यात मी काय लिवलंय ता वाचा. परत."

वरच्या गॅलरीत कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा ऐकू आली. अर्ज माझ्या हातात होता, नारळाखाली दबलेला. मी नारळ बाजूला ठेवला. कागद सरळ केला.

"मार्गदर्शन," मी म्हणालो. "कोणाचेही नाही."

"मोठ्यान," ती म्हणाली. "मागे आयकाक नाय येणा." आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला.

मी खांद्यावरची शाल काढली आणि पुन्हा वाचलं. या वेळी कागदाकडे बघून, शब्दावर बोट ठेवून, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं. एखादी गोष्ट बरोबर होईपर्यंत पुन्हा करायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.